सेल्युलर दूरनिरीक्षण यंत्र

सेल्युलर दूरनिरीक्षण यंत्र हे भ्रमणध्वनी जाळ्याच्या साहाय्याने दूरच्या ठिकाणच्या यंत्रसामग्रीची स्थिती कळवणारे आणि बिघाड किंवा धोका उद्भवताच ठरवून दिलेल्या व्यक्तींना इशारा देणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. शेतातील पाणबुडी मोटर, नळपाणी योजनेचे पंपघर, लसींचे शीतकपाट, शीतगृह, जनित्र, बंद घर किंवा गोदाम अशा, जेथे माणूस सतत हजर नसतो त्या ठिकाणी ते बसवले जाते. वापरानुसार त्यास मोबाईल स्टार्टर, जीएसएम अलार्म, टेलिमेट्री मोडेम अशी निरनिराळी नावे आहेत. अनेक यंत्रांत निरीक्षणाबरोबरच दुरून उपकरण चालू-बंद करण्याचीही सोय असते.

यंत्र विकत घेऊन त्यात सिम कार्ड घालणे हा उभारणीचा सोपा भाग होय. संकटाच्या वेळी इशारा खरोखर पोहोचेल की नाही आणि यंत्र स्वतःच बंद पडल्यास ते कोणाच्या लक्षात येईल की नाही, या दोन प्रश्नांवर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. इशारा न येणे म्हणजे सर्व सुरळीत आहे असे गृहीत धरणे ही अशा व्यवस्थेतील मोठी चूक ठरते, कारण बंद पडलेले यंत्र आणि निरोगी यंत्र बाहेरून सारखेच शांत असतात.

## इतिहास

दूरच्या ठिकाणचे मोजमाप तारेने किंवा रेडिओलहरींनी आणण्याच्या पद्धतीस दूरमापन म्हणतात. भ्रमणध्वनी येण्यापूर्वी धरणे, वीज उपकेंद्रे, तेलवाहिन्या अशा मोठ्या व्यवस्थांमध्ये भाड्याच्या दूरध्वनी तारा किंवा स्वतंत्र रेडिओ संच वापरले जात. घरफोडी व आगीचा इशारा देणारी यंत्रे साध्या दूरध्वनी तारेवरून क्रमांक फिरवत. चोराने तार कापली की इशाराही थांबे, ही त्यांची उघड उणीव होती.

अमेरिकेत ॲनालॉग भ्रमणध्वनी सेवेवर चालणारे इशारासंच वापरात आले होते. जीएसएम या अंकीय पद्धतीमुळे हे तंत्र स्वस्त झाले. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पहिला लघुसंदेश पाठवला गेला. अल्प मजकूर पोहोचवण्याची ही सोय यंत्रांच्याही उपयोगी पडली. १९९५ मध्ये जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने यंत्रायंत्रांतील संपर्कासाठी ‘एम१’ हा जीएसएम विदा घटक तयार केला. भारतात पहिला भ्रमणध्वनी संवाद ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्यात झाला. पुढे ग्रामीण भागात मनोरे उभे राहिल्यावर शेतीपंपांसाठी अशी यंत्रे वापरणे शक्य झाले.

२०१६ मध्ये थ्रीजीपीपी या मानक संस्थेने आपल्या तेराव्या आवृत्तीत एनबी-आयओटी आणि एलटीई-एम या अल्पशक्ती पद्धती समाविष्ट केल्या. त्या थोडी माहिती कमी विजेत पाठवण्यासाठी आखलेल्या आहेत आणि तळघर, विहिरीजवळचे खोलगट भाग यांसारख्या ठिकाणी त्यांची पोहोच तुलनेने चांगली असते.

## रचना

यंत्राचे पाच मुख्य भाग असतात.

* भ्रमणध्वनी मोडेम – सिम कार्ड व ॲन्टेना यांच्या साहाय्याने जाळ्याशी संपर्क ठेवतो. मोडेमला दिल्या जाणाऱ्या ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञांची परंपरा १९८१ मधील हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमपासून चालत आली आहे.
* सूक्ष्मनियंत्रक – संवेदकांकडून आलेली माहिती तपासतो, ठरवलेल्या मर्यादांशी ताडून पाहतो आणि संदेश कोणाला पाठवायचा ते ठरवतो.
* आगम – दार उघडे की बंद, मोटर चालू की बंद अशी दोनच स्थिती सांगणारे अंकीय आगम, तसेच तापमान, दाब, पाण्याची पातळी अशी बदलती राशी मोजणारे ॲनालॉग आगम. ऊर्जामापक, जनित्राचा नियंत्रक इत्यादी उपकरणांची माहिती आरएस-४८५ तारेवरून मॉडबस पद्धतीने वाचता येते. ही पद्धत १९७९ पासून वापरात आहे.
* निर्गम – भोंगा, स्टार्टर किंवा झडप चालवणारे रिले.
* वीजपुरवठा व बॅटरी – मुख्य वीज गेल्यावरही यंत्र जागे ठेवण्यासाठी.

माहिती पाठवण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत : दूरध्वनी, लघुसंदेश आणि इंटरनेट. दूरध्वनीची घंटा झोपलेल्या माणसाला उठवते, पण तपशील देत नाही. लघुसंदेश तपशील देतो. मात्र तो सेवा पुरवठादाराच्या केंद्रात साठवून पुढे पाठवला जात असल्याने तो अमुक वेळेत पोहोचेलच याची हमी नसते. इंटरनेटवरून सतत नोंदी पाठवता येतात, पण त्यासाठी त्या स्वीकारणारा सर्व्हर लागतो. म्हणून जीवित, औषधे किंवा मोठे आर्थिक नुकसान यांच्याशी संबंधित इशाऱ्यांसाठी किमान दोन मार्ग एकत्र वापरले जातात.

## उभारणी

### निरीक्षणाचा विषय ठरवणे

कोणती घटना कळली असता कोण काय करणार, हे उभारणीपूर्वी ठरवणे आवश्यक असते. ज्या सूचनेनंतर कोणीही काहीही करणार नाही ती सूचना नोंदवहीत ठेवावी, इशारा म्हणून पाठवू नये. क्षुल्लक संदेशांची रीघ लागली की माणसे संदेश वाचणे सोडून देतात आणि खरा इशाराही त्यातच बुडतो.

ज्या गोष्टीची काळजी आहे तीच शक्यतो मोजावी लागते. उदाहरणार्थ, पंपघरातील स्टार्टरचा कॉन्टॅक्टर बसला एवढ्यावरून पाणी चढत आहे असे सिद्ध होत नाही. मोटरची तार तुटलेली असू शकते, विहीर कोरडी पडलेली असू शकते किंवा पाइप निखळलेला असू शकतो. करंट ट्रान्सफॉर्मरने मोटर घेत असलेला विद्युतप्रवाह मोजल्यास मोटर प्रत्यक्ष फिरते का आणि ती कोरडी चालते आहे का याचा अंदाज येतो, कारण पाण्याविना चालणारा पंप नेहमीपेक्षा कमी प्रवाह घेतो. वाहिनीतील प्रवाहदर्शक स्विच पाणी वाहते आहे की नाही हेच थेट सांगतो.

### जागा व सिग्नल

यंत्र बसवण्यापूर्वी त्या जागी जाळ्याचा सिग्नल मोजला जातो. हातातील भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या रेघा यासाठी पुरेशा नसतात. मोडेमला ‘एटी+सीएसक्यू’ ही आज्ञा दिल्यास तो ० ते ३१ दरम्यानचा अंक सांगतो. अंकाची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले असता सिग्नलची तीव्रता डीबीएम या एककात मिळते.

| वाचन | तीव्रता (डीबीएम) | व्यवहारातील अर्थ |
|---|---|---|
| ० | −११३ किंवा कमी | संपर्क जवळजवळ अशक्य |
| १ ते ९ | −१११ ते −९५ | कमकुवत, बेभरवशाचा |
| १० ते १४ | −९३ ते −८५ | काम चालण्याजोगा |
| १५ ते १९ | −८३ ते −७५ | चांगला |
| २० ते ३० | −७३ ते −५३ | उत्तम |
| ३१ | −५१ किंवा अधिक | अत्युत्तम |
| ९९ | – | मोजता आला नाही |

सिग्नल दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजणे इष्ट असते. पावसाळ्यात दाट पाने, उभा ऊस किंवा नव्याने झालेले बांधकाम यांमुळेही त्यात फरक पडू शकतो. लोखंडी पेटी रेडिओलहरी अडवते, म्हणून यंत्र अशा पेटीत असल्यास ॲन्टेना पेटीबाहेर काढावा लागतो. ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी पाव तरंगलांबीचा ॲन्टेना सुमारे ८.३ सेंटीमीटर, तर १८०० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ४.२ सेंटीमीटर लांबीचा असतो. ॲन्टेनाची बारीक केबल विनाकारण लांब ठेवू नये. अशा केबलीत दर मीटरमागे सुमारे १ डेसिबल सिग्नल वाया जातो. ॲन्टेना उंच नेण्याचा फायदा लांब बारीक केबलीमुळे पुसला जाऊ शकतो.

### सिम कार्ड व सेवा योजना

त्या जागी ज्या कंपनीचा सिग्नल सर्वांत भरवशाचा आहे तिचे सिम निवडले जाते. मोडेम आणि जाळे यांची पिढी जुळणे आवश्यक असते. केवळ टूजीवर चालणारा मोडेम जिओसारख्या, २०१६ मध्ये थेट फोरजीवर सुरू झालेल्या जाळ्यावर चालत नाही.

सिम घेताना पुढील बाबी तपासल्या जातात.

* योजनेत लघुसंदेश समाविष्ट आहेत का. भारतातील अनेक प्रीपेड योजनांत दिवसाला १०० संदेशांची मर्यादा असते. बिघडलेला संवेदक सतत संदेश पाठवत राहिल्यास ती दुपारपर्यंतच संपू शकते.
* योजनेची मुदत कधी संपते आणि पुनर्भरण कोण करणार. यंत्राला आपली मुदत संपल्याचे कळत नाही, आणि कंपनीकडून आलेला आठवणीचा संदेश यंत्रातच पडून राहतो.
* सिम कोणाच्या नावावर आहे. संस्थेच्या यंत्रात कर्मचाऱ्याचे वैयक्तिक सिम असल्यास तो नोकरी सोडून गेल्यावर अडचण उद्भवते.
* सिमवरील पिन कुलूप आणि यंत्रात नोंदवलेला पिन जुळतात का. चुकीचा पिन तीनदा दिला गेल्यास सिम अडकते.

यंत्रायंत्रांतील संपर्कासाठी भारतात १३ अंकी क्रमांकांची स्वतंत्र मालिका २०१८ पासून लागू करण्यात आली. मोठ्या संख्येने यंत्रे बसवणाऱ्या संस्था अशी सिमे वापरतात. कंपन असलेल्या किंवा दमट ठिकाणी सिमचे संपर्कबिंदू सैल होतात वा गंजतात. तेथे मोडेमवरच पक्की बसवलेली ई-सिम अधिक टिकाऊ ठरते.

इंटरनेटवरून माहिती पाठवायची असल्यास कंपनीने दिलेले एपीएन नाव अचूक भरावे लागते. भ्रमणध्वनी जाळ्यात एकच सार्वजनिक पत्ता सामान्यतः अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे बाहेरून थेट यंत्राशी संपर्क साधता येत नाही. संपर्काची सुरुवात यंत्राने करावी आणि सर्व्हरने त्याच जोडणीवरून उत्तर द्यावे, अशी रचना त्यामुळे रूढ झाली आहे.

### वीजपुरवठा

टूजी मोडेम संदेश पाठवताना क्षणभर सुमारे २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. हे झटके सेकंदाला सुमारे २१७ वेळा येतात. रेडिओ किंवा ध्वनिक्षेपकाजवळ भ्रमणध्वनी ठेवला असता येणारी परिचित घरघर याच झटक्यांची असते. वीजपुरवठा अपुरा असल्यास यंत्र एरवी नीट चालते, पण संदेश पाठवण्याच्या क्षणी व्होल्टता खाली जाऊन ते पुन्हा सुरू होते. बारीक तार, हलका अडॅप्टर किंवा जुनी बॅटरी ही त्याची नेहमीची कारणे होत.

वीज जाणे हीच अनेकदा कळवण्याजोगी घटना असल्याने बॅटरी अनिवार्य मानली जाते. सरासरी १५० मिलिअँपिअर प्रवाह घेणारे यंत्र १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या नव्या बॅटरीवर गणिताने सुमारे ४६ तास चालते. जुनी, अर्धी क्षमता उरलेली बॅटरी मात्र त्यास दिवसभरही पुरत नाही. म्हणून बॅटरीची व्होल्टता हाही एक निरीक्षणाचा विषय ठेवला जातो आणि बॅटरी संपण्यापूर्वी यंत्राने शेवटचा संदेश पाठवावा अशी व्यवस्था केली जाते.

विजेच्या कडकडाटात वीजतारा, संवेदकांच्या लांब तारा आणि ॲन्टेना या तिन्ही वाटांनी उच्च व्होल्टतेचा लोंढा आत शिरू शकतो. त्यापासून बचाव करणाऱ्या घटकांचा उपयोग चांगल्या भूसंपर्काखेरीज होत नाही.

### संवेदकांची जोडणी

संवेदक आणि तार यांतील बिघाड हाही इशारा ठरावा अशी जोडणी करणे हे या कामाचे मूलभूत तत्त्व आहे. धोक्याच्या वेळी बंद होणारा संपर्क वापरल्यास उंदराने तार कुरतडल्यावर इशारा कधीच येत नाही आणि ते कोणाला कळतही नाही. याउलट निर्धोक स्थितीत बंद राहणारा आणि धोक्याच्या वेळी उघडणारा संपर्क वापरला तर तार तुटताच इशारा येतो. तारेच्या अखेरीस, संवेदकाच्या आतच, ठरावीक किमतीचा रोधक बसवल्यास तार तुटणे आणि तारा एकमेकींना चिकटणे हे दोन्ही दोष वेगळे ओळखता येतात.

ॲनालॉग संवेदकांत ४ ते २० मिलिअँपिअर पद्धतीचा हेतूही हाच आहे. ३ मीटर खोल टाकीच्या संवेदकात रिकाम्या टाकीला ४, अर्ध्या टाकीला १२ आणि भरलेल्या टाकीला २० मिलिअँपिअर असे वाचन येते. टाकी रिकामी झाली तरी प्रवाह शून्य होत नाही. तो शून्य झाला तर तार किंवा संवेदक निकामी झाला असा स्पष्ट अर्थ निघतो.

### क्रमांक, मर्यादा आणि विलंब

इशारा कोणाला जावा याची यादी क्रमाने भरली जाते. पहिल्या व्यक्तीने ठरावीक मिनिटांत पोच न दिल्यास यंत्र दुसऱ्या व्यक्तीस, मग तिसऱ्या व्यक्तीस दूरध्वनी करते. यादीत एकच क्रमांक असणे धोक्याचे असते. रात्री शांत ठेवलेल्या भ्रमणध्वनीवर आलेला इशारा सकाळीच दिसतो. म्हणून यंत्राचा क्रमांक ओळखीच्या नावाने जतन करून शांत अवस्थेतही त्याची घंटा वाजेल अशी सोय प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत करावी लागते.

मर्यादा ठरवताना ओलांडण्याचा आणि पूर्ववत होण्याचा बिंदू वेगवेगळा ठेवतात. टाकीची पातळी ३० टक्क्यांखाली गेल्यावर इशारा आणि ३५ टक्क्यांवर गेल्यावर ‘पूर्ववत’ असा संदेश, ही त्याची एक रीत. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवल्यास पाण्याच्या हेलकाव्यानेही संदेशांचा पाऊस पडतो. दार उघडल्यावर शीतकपाटातील हवा थोडा वेळ तापते, म्हणून तेथे तापमान काही मिनिटे सतत वर राहिल्यावरच इशारा दिला जातो. संवेदक ग्लायकॉलने भरलेल्या बाटलीत ठेवल्यास तो हवेऐवजी आतल्या कुप्यांच्या तापमानाच्या जवळचे वाचन देतो.

संदेशाचा मजकूर झोपेतून उठलेल्या माणसालाही समजेल असा असावा लागतो. ‘आगम ३ सक्रिय’ यापेक्षा ‘खालचे पंपघर : टाकी ३० टक्क्यांखाली’ हा मजकूर उपयोगी ठरतो. रोमन लिपीत एका लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत साधारणतः ७० चिन्हे मावतात. काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हेही स्वतंत्रपणे मोजली जातात.

### चाचणी

जोडणी पूर्ण झाल्यावर यंत्राच्या पटलावरील चाचणीचे बटण दाबून संदेश आला म्हणजे व्यवस्था तपासली गेली असे होत नाही. त्या बटणाने केवळ मोडेम आणि क्रमांक तपासले जातात. संपूर्ण साखळी तपासण्यासाठी घटना प्रत्यक्ष घडवून आणावी लागते.

1. फ्लोट स्विच हाताने उचलून व सोडून पाहणे.
2. तापमान संवेदक कोमट पाण्यात बुडवणे.
3. मुख्य वीज बंद करणे आणि यंत्र बॅटरीवर किती वेळ चालते ते मोजणे.
4. संवेदकाची तार सोडवणे आणि बिघाडाचा इशारा येतो का ते पाहणे.
5. पहिल्या व्यक्तीने मुद्दाम पोच न देता दुसऱ्या व्यक्तीला दूरध्वनी जातो का ते पाहणे.
6. यंत्राची वीज व बॅटरी दोन्ही काढून घेणे आणि यंत्र गप्प झाल्याचे कोणाच्या, किती वेळात लक्षात येते ते नोंदवणे.

शेवटची चाचणी अनेक ठिकाणी कधीच केली जात नाही. प्रत्यक्षात तीच सर्वांत बोलकी असते. चाचण्यांची तारीख व निकाल नोंदवहीत लिहून त्या ठरावीक मुदतीने, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, पुन्हा करण्याची पद्धत आहे.

## हजेरी संदेश

यंत्र जिवंत आहे हे कळवण्यासाठी ते ठरावीक वेळाने एक छोटा संदेश पाठवते. त्यास हजेरी संदेश म्हणता येईल. साध्या यंत्रात तो दररोज सकाळी एका लघुसंदेशाच्या रूपाने येतो. या पद्धतीची मर्यादा अशी की आलेला संदेश माणसाच्या लक्षात येतो, न आलेला येत नाही. काही आठवड्यांनंतर रोजचा ‘सर्व ठीक’ हा संदेश न वाचताच पुसला जातो आणि एके दिवशी तो आला नाही तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही.

म्हणून हजेरी मोजण्याचे काम दुसऱ्या यंत्राकडे सोपवले जाते. सर्व्हर प्रत्येक यंत्राच्या शेवटच्या संदेशाची वेळ ठेवतो आणि ठरलेली मुदत उलटताच स्वतः इशारा देतो. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांच्या दूरनिरीक्षणासाठी तयार झालेल्या एमक्यूटीटी या संपर्कनियमावलीत ही सोय मुळातच आहे. ठरलेल्या कालावधीच्या दीडपट वेळात यंत्राकडून काहीच न आल्यास जोडणी तुटली असे मानले जाते आणि यंत्राने आधीच सोपवून ठेवलेला ‘अंतिम संदेश’ संबंधितांकडे पाठवला जातो. युरोपातील ईएन ५०१३६ या इशारा-प्रेषणाच्या मानकातही संपर्क तुटल्याचे किती वेळात उघड व्हावे यावरून व्यवस्थांच्या श्रेणी पाडल्या आहेत.

सर्व्हर नसलेल्या ठिकाणी वापरकर्त्याने रोज एका ठरलेल्या वेळी यंत्राला स्थिती विचारणारा संदेश पाठवणे हा सोपा पर्याय आहे. उत्तर आले नाही तर तोच इशारा मानावा लागतो.

## दूरनियंत्रण आणि सुरक्षितता

निरीक्षणाच्या यंत्रात चुकीची किंमत एका न आलेल्या इशाऱ्याएवढी असते. दूरनियंत्रणात ती माणसाच्या जीवाएवढी असू शकते. मोटर दुरुस्त करण्यासाठी कोणी विहिरीत उतरलेले असताना किंवा स्टार्टरच्या तारांना हात लावलेला असताना घरबसल्या दुसऱ्या कोणी भ्रमणध्वनीवरून मोटर चालू केल्यास प्राणघातक अपघात होऊ शकतो. तीन फेजच्या पुरवठ्यात फेजांदरम्यानची व्होल्टता सुमारे ४१५ व्होल्ट असते.

त्यामुळे दूरनियंत्रण असलेल्या प्रत्येक पेटीवर ‘स्थानिक–बंद–दूरस्थ’ असा निवड स्विच बसवणे, दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावणे, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात ठेवणे आणि ‘हे यंत्र दुरून केव्हाही सुरू होऊ शकते’ अशी पाटी लावणे ही आवश्यक खबरदारी मानली जाते. यंत्राचा रिले स्टार्टरच्या थांबवण्याच्या बटणाला, अतिभार रिलेला किंवा सिंगल फेज प्रिव्हेंटरला वळसा घालून जोडू नये. ही जोडणी परवानाधारक वीजतंत्रीकडून करून घेतली जाते.

आज्ञा कोणाकडून स्वीकारायची यासाठी क्रमांकांची यादी आणि परवलीचा शब्द असे दोन्ही अडसर ठेवतात, कारण समोरच्याला दिसणारा क्रमांक खोटा दाखवता येतो. कारखान्यातून आलेला १२३४ किंवा ०००० हा परवलीचा अंक न बदलणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. सिम कार्डाची चोरीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरात वाहतूक दिव्यांत बसवलेली सिम कार्डे चोरून त्यांवरून दूरध्वनी केले गेल्याचे प्रकरण २०११ मध्ये गाजले होते. त्यात शेकडो दिव्यांचे नुकसान झाले. यंत्रातील सिमवर अनावश्यक सेवा बंद ठेवणे आणि ते सिम त्या एकाच मोडेमला बांधून घेणे हे त्यावरील उपाय आहेत.

## वापर

### शेतीपंप

महाराष्ट्रात शेतीपंपांना तीन फेज वीज अनेक भागांत चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, मिळत आली आहे. रात्री मोटर सुरू करण्यासाठी शेतकऱ्याला अंधारात, चिखलातून, साप-विंचवांचे भय पत्करून विहिरीवर जावे लागते. वीज येताच मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच हा त्यावरील जुना उपाय आहे. पण एकाच रोहित्रावरील अनेक पंपांना असे स्विच असल्यास वीज येताच सर्व मोटरी एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येऊन ते नादुरुस्त होऊ शकते. म्हणून वीज वितरण कंपनी ऑटो स्विच न वापरण्याचे आणि कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन करत असते.

मोबाईल स्टार्टरमुळे वीज आली का, तिन्ही फेज आहेत का, मोटर चालू झाली का हे घरून कळते आणि मोटर चालू-बंदही करता येते. पुण्याचे विद्युत अभियंता संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले ‘नॅनो गणेश’ हे अशा यंत्रांपैकी एक सुरुवातीचे आणि प्रसिद्ध यंत्र होय. त्यास २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या नवोन्मेष स्पर्धेत पारितोषिक मिळाले. अशा यंत्रांनाही वीज आल्यावर स्वयंचलितपणे मोटर सुरू करण्याची सोय असते. ती वापरायची झाल्यास प्रत्येक पंपाला वेगवेगळा विलंब देणे रोहित्राच्या दृष्टीने हितावह असते.

### लसींची शीतसाखळी

बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. गोठल्याने काही लसी निकामी होतात, आणि निकामी झालेली लस नुसत्या डोळ्यांनी नेहमीच ओळखता येत नाही. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबवलेल्या ‘ईविन’ या व्यवस्थेत शीतकपाटांना सिमयुक्त तापमान नोंदक जोडलेले आहेत. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास संबंधित कर्मचाऱ्यांना लघुसंदेशाने व ईमेलने इशारा जातो.

### इतर

शीतगृहे, दूध संकलन केंद्रांतील शीतटाक्या, जनित्रे, पर्जन्यमापक व नदीपातळी केंद्रे आणि घरफोडी इशारासंच यांतही अशी यंत्रे वापरली जातात.

## मर्यादा

भ्रमणध्वनी जाळे स्वतः विजेवर चालते. मनोऱ्यांना बॅटरी व जनित्रे असली तरी दीर्घकाळ वीज गेल्यास किंवा वादळात जाळेच कोसळू शकते. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या काही भागांत वीज आणि दूरसंचार सेवा अनेक दिवस खंडित होती. ज्या संकटात इशारा सर्वाधिक हवा असतो त्याच संकटात तो पोहोचण्याचा मार्ग बंद असण्याची शक्यता असते. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे, जागेवर वाजणारा भोंगा आणि माणसाने प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा नियम यांची जोड दिली जाते.

जाळ्याच्या पिढ्या बदलणे ही दुसरी मर्यादा. इशारासंच पंधरा-वीस वर्षे चालतो, पण भ्रमणध्वनी पद्धती तितकी वर्षे चालू राहीलच असे नाही. अमेरिकेत ॲनालॉग सेवा चालू ठेवण्याचे कंपन्यांवरील बंधन १८ फेब्रुवारी २००८ रोजी संपले आणि त्या सेवेवरील इशारासंच बदलावे लागले. एटी अँड टी कंपनीने २०१७ च्या आरंभी टूजी आणि २२ फेब्रुवारी २०२२ रोजी थ्रीजी जाळे बंद केले, तेव्हाही तीच वेळ आली. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राने डिसेंबर २०१६ मध्ये टूजी सेवा थांबवली. भारतात खासगी कंपन्यांनी थ्रीजी सेवा आधी गुंडाळली, तर एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांनी टूजी चालू ठेवली. नवे यंत्र घेताना त्यातील मोडेम कोणत्या पिढ्यांवर व कोणत्या वारंवारता पट्ट्यांवर चालतो हे पाहणे, तसेच मोडेम बदलता येण्याजोगा असणे, यामुळे पुढील खर्च टळतो.

जाळ्यातील असे बदल, संपलेली योजना, गंजलेले संपर्कबिंदू, सुकलेली बॅटरी किंवा यादीतील व्यक्तीने बदललेला भ्रमणध्वनी क्रमांक यांपैकी कोणताही दोष गाजावाजा करून येत नाही. त्या प्रत्येकाने यंत्र मुके होते. त्यामुळे नियमित हजेरी आणि ठरावीक मुदतीची प्रत्यक्ष चाचणी या दोन गोष्टी यंत्राच्या उभारणीचाच भाग मानल्या जातात.

## हे सुद्धा पहा

* दूरमापन
* लघुसंदेश सेवा
* जीएसएम
* वस्तुजाल
* शीतसाखळी
* कृषिपंप